बाळंतिणींसाठी शोधलं, गुडघ्यांना लाभलं

आमच्या आटपाडी तालुक्यात साठीच्या पुढची बाई गुडघ्यावर हात न टेकता उठली, तर तिच्याकडं दोनदा बघावं अशी गत. माणदेश म्हणजे मुळातच दुष्काळी मुलूख. टेंभूचं पाणी शिवारात यायच्या आधीची सगळी वर्षं डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी घेऊन गेली. शिवाय खुरपणीला दिवस दिवस उकिडवं बसायचं. यातल्या ज्यांना जमतं त्या सांगली-मिरजेला जाऊन ‘वाटी बदलून’ येतात. बचत गटाच्या बैठकीत हिशेब उरकला की हल्ली हाच विषय निघतो. पूर्वी त्यात एक प्रश्न ठरलेला असायचा, रक्ताच्या बाटल्या किती लागल्या? घरातली दोन तरणी पोरं रक्त द्यायला बरोबर न्यायची, रक्तपेढीच्या दारात ताटकळायचं, एवढं सगळं व्हायचं. आता बऱ्याच जणी येऊन सांगतात, एकही बाटली लागली नाही.

मांडीचं आणि नडगीचं हाड कापायचं, त्यावर धातू बसवायचा आणि तरी रक्त लागलं नाही, हे कसं? डॉक्टरांचा हात सुधारला, भूल सुधारली, आधी हिमोग्लोबिन बघून वाढवतात, ही कारणं आहेतच. पण त्यातलं एक मोठं कारण म्हणजे सलाईनमधून सोडलेली एक छोटी कुपी. तिच्यातलं औषध ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. नाव जड आहे, पण मैत्रिणींनो, वस्तू तुमच्या ओळखीची निघेल. पाळीत फार जातं म्हणून डॉक्टर ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांत पुष्कळदा हेच असतं. गालावरच्या वांगासाठी हल्ली क्रीमच्या जाहिराती येतात, त्यांच्या डबीवर बारीक अक्षरात हेच नाव सापडतं.

हे औषध शोधलं जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी. शोधलं ते गुडघ्यासाठी नाही, वांगासाठी तर नाहीच नाही. त्यांना बाळंतीण वाचवायची होती. आणि बाळंतिणीपर्यंत पोचायलाच या औषधाला ५५ वर्षं लागली.

उताकोबाईंचा जन्म १ एप्रिल १९१८ रोजी टोकियोत झाला. जपानमधल्या बाईनं डॉक्टर होणं तेव्हा अगदीच अनोखं नव्हतं. आपल्या आनंदीबाई जोशींचा तो फोटो आठवतो ना? १८८५ साली फिलाडेल्फियात काढलेला, तीन देशांच्या तीन मुली आपापल्या पोशाखात बसलेल्या. त्यातली किमोनोतली मुलगी म्हणजे केई ओकामी. पुढं डॉक्टर होऊन ती मायदेशी परतली. १९०० साली टोकियोत खास मुलींसाठी वैद्यकीय शाळा निघाली. उताको १९३६ मध्ये आधी दंतवैद्यक शिकायला लागल्या होत्या. मग मन बदललं आणि त्या या मुलींच्या वैद्यकीय शाळेत आल्या. डिसेंबर १९४१ मध्ये पदवी हातात पडली. तारीख बघा, पर्ल हार्बर झाला तो हाच महिना. सगळा देश युद्धात उतरला होता आणि ही मुलगी प्रयोगशाळेत लहान मेंदूचा अभ्यास करत बसली होती. तिथले वरिष्ठ पुरुषच होते, पण बायकांना संधी द्यावी असं मानणारे. उताकोबाईंना वाटलं, सगळीकडं असंच असणार. तो समज फार दिवस टिकला नाही.

१९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा टोकियोची राख झालेली होती. उताकोबाई केइओ विद्यापीठात पतीबरोबर काम करू लागल्या. मेंदूवरचं संशोधन चालवायला ना साहित्य होतं, ना पैसा. नवराबायकोनं बसून विचार केला आणि रक्ताचा विषय घेतला. त्यातलं एक कारण ऐकून मला हसूही आलं आणि पोटात कालवलंही. प्रयोगाला रक्त कमी पडलं तर आपलंच काढून वापरता येईल, असा त्यांचा हिशेब होता. घरात डाळ नाही म्हटल्यावर बाई जसं परसात काय उगवलंय ते बघते, तसाच हा विचार.

दुसरं कारण मोठं होतं. त्या काळी जपानमध्ये बाळंतपणात अंगावरून जाऊन बायका मरत होत्या. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडं मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर ते आवळून धरलं गेलं नाही, तर धडधाकट बाई तासा-दोन तासांत हातची जाते. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत असं एखादं मरण नाही असं घर शोधून सापडायचं नाही. हे थांबवणारं औषध बनवायचं, असं या जोडप्यानं ठरवलं.

आता रक्त थांबतं कसं, ते थोडं समजून घ्यावं लागेल, नाहीतर बाईंनी नेमकं काय केलं ते कळायचं नाही. जखम झाली की रक्तातून फायब्रिन नावाचे बारीक धागे तयार होतात. त्यांची जाळी विणली जाते, तिच्यात पेशी अडकतात आणि गुठळी बसते. इथवर आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. पण शरीर तेवढ्यावर थांबत नाही. गुठळी कायमची राहिली तर रक्तवाहिनीच तुंबेल, म्हणून ती विरघळवायची सोयही शरीरातच असते. प्लाझ्मिन नावाचं द्रव्य ते काम करतं. गोधडीला एकीकडून टाके घालत जावं आणि दुसरीकडून कुणीतरी ते उसवत यावं, असं दोन्ही एकदम चाललेलं असतं. एरवी यांचा मेळ बरोबर जमतो. पण मोठी जखम झाली, अपघात झाला, अवघड बाळंतपण झालं किंवा मोठं ऑपरेशन झालं की उसवण्याचा वेग एकदम वाढतो. बसलेली गुठळीही टिकत नाही. रक्त झिरपतच राहतं.

उसवणाऱ्याला टाका बोटात धरावा लागतो, तेव्हा कुठं तो निघतो. प्लाझ्मिनचं तसंच आहे. फायब्रिनच्या धाग्यावर लायसिन नावाचं अमिनो आम्ल असतं, तिथं त्याची पकड बसते. ओकामोतो पती-पत्नींनी विचार केला, लायसिनसारखंच दिसणारं दुसरं काही आधीच त्या बोटांत देऊन ठेवलं तर? बोटं भरलेली राहतील, टाका धरता येणार नाही, गोधडी शाबूत राहील. त्यांनी लायसिनच्या नात्यातली एकेक रसायनं तपासायला घेतली. ती किती तपासावी लागली याची कल्पना घरबसल्या यायची नाही. १९५० च्या दशकात एक हाती लागलं, एप्सिलॉन अमिनोकॅप्रोइक ॲसिड. ते चाललं, औषध म्हणून विकायलाही आलं, पण गुण यायला मात्रा फार मोठी लागायची. म्हणून शोध चालूच राहिला. आणि १९६२ मध्ये त्यांनी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा शोध प्रसिद्ध केला. आधीच्या औषधापेक्षा ते २७ पट जोरदार निघालं.

हे सगळं कसं घडत होतं तेही सांगायला हवं. मुलगी तान्ही, पाळणाघर मिळालं नाही. उताकोबाई तिला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत उभ्या राहायच्या. पोर शांत होती हे आपलं नशीब, असं त्यांनी म्हातारपणी सांगितलं. शेतात झोळीत लेकरू टांगून भांगलण करणाऱ्या बाईला हे काही समजावून सांगावं लागणार नाही. दिवसभर काम करायचं, घरी येऊन स्वयंपाक-पाणी, भांडीकुंडी उरकायची आणि रात्री पुन्हा दहा मिनिटं चालत प्रयोगशाळा गाठायची. नवरा त्याच विषयातला, त्याच टेबलावर काम करणारा. पण भांडी कोण घासत होतं ते या हकिगतीत स्पष्ट आहे.

एकदा आपलं संशोधन मांडायला त्या सभेपुढं उभ्या राहिल्या, तर समोरच्या पुरुष डॉक्टरांनी टिंगल केली, आता नाच करून दाखवणार का म्हणून विचारलं. दुसऱ्या एका प्रसंगी त्या आणि त्यांची एक सहकारी बालरोगाच्या परिषदेला गेल्या, तर ही परिषद बायका-मुलांसाठी नाही असं सांगून दोघींना बाहेर काढलं. बालरोगाची परिषद, आणि ती बायका-मुलांसाठी नाही! यावर उताकोबाई भांडल्या नाहीत. थोडा वेळ प्रयोगशाळा वापरू दिली म्हणून पुरुषांचे आभार मानायचे आणि मनात ठरवायचं, काम यांच्यापेक्षा दसपट करून दाखवीन. हे मला पूर्ण पटत नाही. आभार कशाचे? पण त्या काळात त्या खोलीत टिकून राहायचं तर दुसरा मार्ग नसावा, हेही कळतं.

१९६२ हे साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली या डॉक्टरांनी खुब्याच्या सांध्यात एका नव्या चिवट प्लास्टिकची वाटी बसवायला सुरुवात केली. आजच्या सांधेरोपणाचा पाया तिथं पडला. म्हणजे सांधा आणि सांध्याचं रक्त थांबवणारं औषध ही दोन्ही एका वर्षाची भावंडं. पण एक इंग्लंडात, एक जपानात. गाठ पडायला तीस वर्षं जावी लागली.

औषध हातात आलं आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. १९६६ मध्ये उताकोबाई कोबे गाकुइन विद्यापीठात गेल्या, तिथं प्राध्यापक झाल्या. आता बाळंतिणींवर चाचणी घ्यायची, ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते करायचं. त्यांनी कोबेतल्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांना परोपरीनं सांगून पाहिलं. डॉक्टर तयार झाले नाहीत. रक्त घट्ट करणारं काही बाळंतिणीला देणं त्यांना जोखमीचं वाटत असेल, किंवा सांगणारी व्यक्ती कोण हे आड आलं असेल. कारण काही असो, त्यांच्या हयातीतल्या कर्त्या वर्षांत ही चाचणी झाली नाही. १९९० मध्ये त्या निवृत्त झाल्या.

औषध मात्र घरी बसलं नाही. ज्यांचं रक्त मुळातच गोठत नाही अशा हिमोफिलियाच्या रुग्णांचा दात काढताना ते वापरात आलं. पाळीतल्या अतिरक्तस्रावावर त्याच्या गोळ्या निघाल्या. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये गेलं. आणि १९९० च्या दशकात फिनलंड आणि स्वीडनमधल्या डॉक्टरांनी ते गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये देऊन पाहिलं.

गुडघ्याचं गणित मुद्दाम सांगते, कारण आपल्या घरी ते कधी ना कधी येणार आहे. वाटी बदलताना पुष्कळदा मांडीला हवेचा पट्टा आवळतात, म्हणजे ऑपरेशन चालू असताना रक्त फारसं जात नाही. पण पट्टा सोडला की उसवणाऱ्या प्लाझ्मिनचा जोर त्या पायात एकदम वाढतो. कापलेल्या हाडाचं तोंड म्हणजे काही एखादी शीर नव्हे, की चिमटा लावून बंद करावी. ते स्पंजसारखं झिरपतं. पूर्वी एका गुडघ्यामागं लिटर-दीड लिटरपर्यंत रक्त जाऊ शकायचं. त्यातलं बरंचसं बाहेर दिसायचंच नाही, सांध्यात आणि स्नायूत मुरायचं. ड्रेसिंग कोरडं, बाटलीत थोडंसंच साठलेलं, म्हणून नातेवाईक निर्धास्त. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन घसरलेलं, बाई चक्कर येऊन पलंगावर बसलेली. पंचावन्न किलोच्या बाईच्या अंगात रक्त साडेतीन लिटरच्या आसपास, त्यातलं लिटरभर गेलं तर काय उरलं? त्यातून महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. त्याच बायका पुढं साठीला येऊन वाटी बदलायला निघतात.

फिनलंड-स्वीडनच्या त्या अभ्यासांत हे औषध दिलेल्या रुग्णांचं रक्त बरंच कमी गेलं आणि बाटल्या कमी लागल्या. नंतर असे अभ्यास देशोदेशी झाले. आज चिरा द्यायच्या आधी शिरेतून साधारण एक ग्रॅम देतात, काही डॉक्टर पट्टा सोडायच्या आधी आणखी देतात, कुणी थेट सांध्यात सोडतात, कुणी गोळ्या देतात. एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे औषध नवी गुठळी बनवत नाही, बनलेली लवकर विरघळू देत नाही एवढंच. तरीही पूर्वी पायात गुठळी झाली असेल, अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल, हृदयात स्टेंट असेल, किडनीचा त्रास असेल किंवा फिट येत असतील, तर ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना आपणहून सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही दाखवा. आणि पाळीच्या गोळ्या शेजारणीला लागू पडल्या म्हणून तिच्याकडून मागून आणू नका. हे मी बैठकीत दर वेळी सांगते, आणि दर वेळी कुणीतरी आणलेल्या असतात.

आता परत उताकोबाईंकडं. त्या नव्वदीला आल्या तेव्हा लंडनमधल्या डॉक्टरांनी या जुन्या, स्वस्त औषधाकडं नव्यानं पाहिलं. त्याचे हक्क कधीच संपले होते, त्यामुळं कुठल्या कंपनीला त्याच्यावर मोठा खर्च करायची हौस नव्हती. डॉक्टरांनी ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत २० हजारांहून अधिक अपघातग्रस्तांवर अभ्यास केला. त्यात भारतातलीही रुग्णालयं होती. २०१० मध्ये निकाल आला. औषध मिळालेल्यांत १४.५ टक्के दगावले, न मिळालेल्यांत १६ टक्के. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण अपघाताच्या हजार रुग्णांमागं पंधरा माणसं घरी परत गेली, असा तो आकडा वाचावा.

त्याच वर्षी बाळंतिणींवरची चाचणी सुरू झाली. जी कोबेत करू दिली नव्हती, ती आता २१ देशांत, १९३ रुग्णालयांत आणि २० हजारांहून अधिक बायकांवर व्हायची होती. लंडनचे डॉक्टर इयान रॉबर्ट्स उताकोबाईंना भेटायला कोबेला गेले. पती आधीच गेले होते. बाईंना चाचणीची हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी हसत सांगितलं, चाचणी न करताही हे चालणार हे मला ठाऊक आहे. पन्नास वर्षं वाट पाहिलेल्या बाईनं एवढं म्हणावंच.

एप्रिल २०१६ मध्ये चाचणीत बायका घ्यायचं काम पूर्ण झालं. २१ एप्रिल २०१६ रोजी उताकोबाई गेल्या, वय ९८. निकाल त्यानंतर वर्षानं, एप्रिल २०१७ मध्ये छापून आला. रक्त जाऊन मरणाऱ्या बाळंतिणींचं प्रमाण औषधानं १.९ टक्क्यांवरून १.५ वर आलं. बाळंतपण झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर १.७ वरून १.२ वर. तीन तासांनंतर दिलेल्यांत फायदा दिसला नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणात अंगावरून फार जाऊ लागलं, की नेहमीच्या उपचारांबरोबर तीन तासांच्या आत हे औषध द्यावं अशी शिफारस केली. एक ग्रॅम, शिरेतून, दहा मिनिटांत हळूहळू. आजही जगात दरवर्षी सुमारे ७० हजार बायका या कारणानं मरतात.

नंतर डॉक्टरांनी अपघात आणि बाळंतपण या दोन्ही अभ्यासांतले ४० हजार रुग्ण एकत्र तपासले. दर पंधरा मिनिटांच्या उशिरानं औषधाचा फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असं त्यात दिसलं. आटपाडीहून सांगली गाठायला गाडीला दोन तास तरी लागतात, आणि त्याआधी वस्तीवरून आटपाडीला यायचं ते वेगळंच. गाडी येईपर्यंतचा, गाडीत चढवेपर्यंतचा वेळ धरला की तीन तासांतलं हातात काय उरतं ते ज्यानं त्यानं मोजावं. म्हणजे कुपी सांगलीत असून चालायचं नाही, पहिली मात्रा इथंच, गाडीत घालायच्या आधी जायला हवी. गुडघ्याच्या ऑपरेशनला मोठ्या दवाखान्यात ती न मागता मिळते. आमच्या गटातल्या पोरींना मी आता सांगते, दिवस राहिल्यावर नाव नोंदवायला जाल तेव्हा सिस्टरना एवढं विचारून या, बाळंतपणाच्या खोलीतल्या ट्रेमध्ये ही कुपी ठेवलेली असते का, आणि रात्री अपरात्री कपाटाची चावी कुणाकडं असते.